सरकारी योजनेचा खरंच फायदा झाला का, हे अर्थशास्त्रज्ञ ठरवतात तरी कसं?

तुमचा प्रश्न असा आहे की योजना आल्यावर लोकांचं उत्पन्न वाढलं हे आकड्यात दिसतंय ना, मग वेगळं संशोधन कशाला. अर्थशास्त्र शिकायला लागलो तेव्हा मलाही हेच वाटायचं. पण आधी इतकं होतं नि नंतर इतकं झालं यातून काही सिद्ध होत नाही हो, कारण त्याच काळात पाऊस चांगला झालेला असतो, बाजार सुधारलेला असतो, आणि योजनेला अर्ज करणारे बरेचदा मुळातच धडपडे असतात, ते तसेही पुढे गेलेच असते. योजना नसती तर याच माणसांचं काय झालं असतं, हे कळायला पाहिजे आणि नेमकं तेच कुणाला दिसत नाही. म्हणून त्यांच्यासारखेच पण योजना न मिळालेले लोक शोधायचे, सगळी मेहनत त्यातच जाते.

कधी शेजारचं राज्य कामाला येतं. 1992 मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीने किमान वेतन तासाला 4.25 वरून 5.05 डॉलर केलं, लगतच्या पेन्सिल्व्हेनियात वाढ नव्हती. कार्ड आणि क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनी दोन्हीकडच्या 410 फास्ट फूड हॉटेलांची आधी आणि नंतर माहिती घेतली, तर अर्थशास्त्राच्या पुस्तकात लिहिल्याप्रमाणे नोकऱ्या कमी व्हायला हव्या होत्या त्या झाल्याच नाहीत. यावर पुढे कितीतरी वर्षं भांडणं झाली, आकडे परत तपासले गेले, आणि ते व्हायलाच पाहिजे. कार्ड यांना 2021 चं नोबेल मिळालं.

पण माझा जास्त विश्वास लॉटरीवर. कुणाला मिळणार हे चिठ्ठीने ठरलं की धडपडे एकीकडे आणि बाकीचे दुसरीकडे असं होत नाही. केनियात अशाच पद्धतीने निवडलेल्या शाळांना पाठ्यपुस्तकं दिली, तर सरासरी मार्क वाढलेच नाहीत, फक्त आधीच हुशार असलेल्या मुलांना उपयोग झाला. पुस्तकं इंग्रजीत होती आणि बऱ्याच मुलांची ती तिसरी भाषा. हे वाचलं तेव्हा मला खूप वाईट वाटलेलं, पैसा खर्च झाला, हेतू चांगला, आणि ज्या मुलांना सगळ्यात गरज होती तीच कोरडी राहिली.

आणि मोजलं कधी यावर तर सगळं फिरतं. अमेरिकेत 1994 पासून पाच शहरांत गरीब वस्तीतल्या साधारण 4600 कुटुंबांमध्ये लॉटरी काढली, काहींना घरभाड्याचं व्हाउचर दिलं पण अट अशी की कमी गरिबी असलेल्या भागातच घर घ्यायचं. मोठ्या माणसांचं मानसिक आरोग्य सुधारलं, कमाई मात्र वाढली नाही, 2011 च्या शेवटच्या अहवालातही नाही, त्यामुळे कमाईच्या बाबतीत योजना फसली असंच बरेच जण धरून चाललेले. मग चेट्टी, हेंड्रेन आणि कॅट्झ या अर्थशास्त्रज्ञांनी त्याच कुटुंबांतली मुलं मोठी झाल्यावर त्यांचे टॅक्सचे रेकॉर्ड तपासले. 13 वर्षांच्या आत असताना व्हाउचर घेऊन तिकडे गेलेली मुलं पंचविशीच्या आसपास जवळपास 31 टक्के जास्त कमवत होती! तेवढी वर्षं कुणी थांबलंच नसतं तर हे कधी कळलंच नसतं. जी मुलं त्याहून मोठी होऊन गेली त्यांना मात्र फायदा नाही, उलट थोडं नुकसानच दिसतं, बहुतेक त्या वयात शाळा आणि मित्र तुटतात म्हणून.