वाकड्या चेसिसचा ट्रक

प्रश्न: ट्रकच्या प्लास्टिक मॉडेल किटची चेसिस (खालचा सांगाडा) वाकडी, केबिन बुटकी. मित्र नुसत्या चुका काढतात, मला तर जोडताना मजा येते. माझंच चुकतंय का? – एक वाचक, कोथरूड

उत्तर: छे हो, चुकतंय कसलं! पण आधी स्केल (मॉडेल खऱ्या ट्रकच्या किती पट लहान ते) बघा, ६ मीटरचा ट्रक १/२४ ला २५० मिमी भरतो आणि १/२५ ला २४०, त्यामुळे कधीकधी किट बरोबर असतं अन् आपली पट्टीच चुकीची लागते. चेसिस गरम पाण्यात (उकळत्या नाही!) धरून सपाट काचेवर दाबली की सरळ होते, खड्डे पुट्टीने बुजतात, बुटकी केबिन मात्र खरी चूक, ती बिनधास्त सांगा, पैसे मोजलेत ना. फक्त मित्रांना विचारा, शेवटचं किट पूर्ण कधी केलंत?