मुलाच्या फोनवर गुपचूप नजर ठेवू का?

समुपदेशनासाठी माझ्याकडे येणारे पालक अलीकडे एकाच बैठकीत दोन तक्रारी मांडतात, आणि त्या दोन तक्रारींचा एकमेकींशी काही संबंध असेल असे त्यांना सहसा वाटत नाही. पहिली तक्रार तंत्रज्ञान कंपन्यांविषयी असते. आपण कुठे गेलो, काय शोधले, कोणाशी बोललो ह्याची नोंद ह्या कंपन्या ठेवतात आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागू देत नाहीत, असे ते चिडून सांगतात. दुसरी तक्रार घरातली असते. मूल तासन्‌तास गेम खेळते, कोणाशी बोलते ते कळत नाही, विचारले तर तुटक उत्तर देऊन दार लावून घेते. मग प्रश्न येतो, बहुधा आवाज थोडा खाली आणून : "त्याला न कळता त्याच्या फोनवर लक्ष ठेवता येतं म्हणे. ठेवू का?"

ह्या प्रश्नाला मी आज जे उत्तर देते ते एका कुटुंबाबरोबर काम करताना पक्के झाले. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि अनेक बैठकींतले बोलणे येथे थोडक्यात आणले आहे.

त्या कुटुंबातले वडील हिशेब तपासण्याच्या व्यवसायात होते आणि त्यांचा मुलगा पंधरा वर्षांचा होता. 2018 मध्ये केंब्रिज ॲनालिटिका ह्या राजकीय सल्ला देणाऱ्या संस्थेने फेसबुक वापरणाऱ्यांची माहिती मिळवल्याचे प्रकरण उघडकीस आले आणि सुमारे 8 कोटी 70 लाख लोकांची माहिती त्या संस्थेकडे गेली असण्याची शक्यता फेसबुकने स्वतःच मान्य केली, तेव्हापासून त्यांनी ह्या विषयाचे वाचन कधी सोडले नव्हते. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर त्यांनी काळी पट्टी चिकटवली होती आणि फोनमधल्या प्रत्येक ॲपची लोकेशनची परवानगी काढून घेतली होती. आपल्या मुलाच्या फोनवर मात्र त्यांनी पाळतीचे ॲप बसवले होते आणि त्याचा अहवाल छापून सोबत आणला होता. त्यात गेम सुरू केल्याच्या आणि बंद केल्याच्या वेळा होत्या, संदेश होते, आणि एका संदेशाखाली त्यांनी लाल पेनाने रेघ मारली होती. मुलाने गेममधल्या एका सोबत्याला लिहिले होते : "गणितात गेलो. घरी अजून नाही सांगितलंय."

"मी वाट पाहिली," वडील म्हणाले. "तो सांगेना, तेव्हा जेवताना म्हटलं, गणिताचं तू सांगतोस की मी सांगू? त्या दिवसापासून तो माझ्याशी बोलत नाही. पासवर्ड बदलला, गेममध्ये दुसऱ्या नावानं खातं उघडलं. मॅडम, तो पार आहारी गेलाय. ह्याला आता आजारच म्हणतात ना?"

पालकांना ह्या बाबतीत अर्धवट माहिती असते, म्हणून मी ती आधी पूर्ण करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात गेम खेळण्याच्या विकाराचा समावेश आहे आणि ते वर्गीकरण जानेवारी 2022 पासून लागू झाले आहे. परंतु त्यातल्या अटी कडक आहेत. खेळण्यावरचा ताबा सुटलेला असणे, आयुष्यातल्या इतर गोष्टींपेक्षा गेमला सतत वरचे स्थान मिळत जाणे, नुकसान दिसत असूनही खेळणे चालूच राहणे किंवा वाढणे, आणि ह्या सगळ्यामुळे शिक्षण, नाती किंवा दैनंदिन व्यवहार ह्यांची ठळक हानी झालेली असणे, हे चित्र सर्वसाधारणपणे वर्षभर टिकलेले असावे लागते. त्यांचा मुलगा शाळेत नियमित जात होता, त्याला मित्र होते, एका विषयात तो मागे पडला होता आणि त्याला झोप कमी मिळत होती. ही काळजीची बाब होती, पण हा आजार नव्हता. आजाराचे नाव मिळाले की पालकांचे मन थोडे हलके होते हे मला ठाऊक आहे, तरीही जे नाव लागू पडत नाही ते मी देत नाही.

मुलगा पहिल्यांदा आला तो हाताची घडी घालूनच. मी त्याला गणिताविषयी काहीच विचारले नाही. गेममध्ये तुझे काम काय असते, एवढे विचारले. तो चौघांच्या संघाचा म्होरक्या होता. कोणी पुढे जायचे, कोणी मागे थांबायचे हे तो ठरवत असे आणि बाकीचे तिघे त्याचे ऐकत असत. मग त्याने मला एक गोष्ट समजावून सांगितली, जी पुष्कळ पालकांना ठाऊक नसते. ऑनलाइन सामना मध्येच थांबवून ठेवता येत नाही. अर्ध्यावर सोडला तर संघ हरतो, आणि अनेक गेममध्ये सोडून जाणाऱ्याला काही काळ पुढच्या सामन्यांत घेतले जात नाही.

"बाबांनी एकदा राउटरची वायर काढली. शेवटची दोन मिनिटं राहिली होती. त्या तिघांना वाटलं मी पळून गेलो."

"मग तू बाबांना काय म्हणालास?"

"काही नाही. तसंही त्यांना सगळं आधीच माहीत असतं."

हे शेवटचे वाक्य मी वहीत लिहून घेतले. मुलगा गेममध्ये लपला नव्हता. काय सांगायचे आणि काय स्वतःपाशी ठेवायचे हे स्वतः ठरवण्याची मुभा त्याला त्या काळात फक्त तिथे उरली होती.

गेम कंपन्यांविषयी वडिलांचा राग निराधार होता असे मात्र मी म्हणणार नाही. बक्षीस केव्हा मिळेल हे अनिश्चित असले की माणूस अधिक चिकाटीने तीच कृती करत राहतो, हे मानसशास्त्राला गेल्या शतकापासून माहीत आहे आणि गेममधल्या बंद पेट्या, म्हणजे आत काय निघेल हे आधी न कळणाऱ्या बक्षिसांच्या पेट्या, ह्याच तत्त्वावर विकल्या जातात. पैसे भरून घेतलेल्या अशा पेट्या बेल्जियमने 2018 मध्ये जुगाराच्या कायद्याखाली आणल्या. फोर्टनाइट हा गेम बनवणाऱ्या एपिक गेम्सने फेडरल ट्रेड कमिशन ह्या ग्राहकांचे हित जपणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेशी डिसेंबर 2022 मध्ये केलेल्या तडजोडीत एकूण 52 कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. त्यांपैकी 27.5 कोटी मुलांच्या खासगी माहितीविषयीच्या कायद्याचा भंग केल्याच्या आरोपाबद्दलचा दंड होता आणि 24.5 कोटी, गोंधळात टाकणाऱ्या बटणांमुळे नकळत खरेदी झालेल्या ग्राहकांना परत करण्यासाठी होते. मुलांच्या गेममध्ये अनोळखी लोकांशी बोलण्याची सोय कोणी सुरू न करताच सुरू असे, हाही त्या प्रकरणातला एक आक्षेप होता. तेव्हा सावध राहणाऱ्या पालकाला मी कधीही भित्रा म्हणत नाही.

पुढच्या एका बैठकीत मी वडिलांना विचारले, "कंपन्यांनी तुमची माहिती घेतली ह्यात तुम्हाला नेमकं काय टोचतं? रागाचं कारण एकेका वाक्यात सांगा, मी लिहून घेते."

त्यांना हा विषय प्रिय होता, त्यामुळे उत्तर लगेच आले. "ते विचारत नाहीत. लागते त्यापेक्षा जास्त घेतात. एका कामासाठी घेतलेली माहिती दुसऱ्याच कामाला वापरतात. आणि एकदा घेतली की कायमची ठेवून देतात."

मी त्यांना सांगितले की, त्यांनी आत्ता जे बोलून दाखवले तोच युरोपीय संघाच्या 25 मे 2018 पासून लागू झालेल्या माहिती संरक्षण कायद्याचा गाभा आहे : माहिती घेण्याला रास्त आधार हवा आणि संमती घ्यायची तर ती उघड व स्पष्ट हवी, सांगितलेल्या कारणापुरतीच माहिती वापरावी, गरजेपुरतीच घ्यावी आणि गरजेपलीकडे ठेवू नये. त्यांना समाधान वाटल्याचे दिसले. मग मी तो कागद त्यांच्यासमोर फिरवून ठेवला आणि म्हटले, "आता हीच वाक्यं मुलाच्या तोंडून, तुमच्याविषयी आली आहेत असं समजून वाचाल?"

त्यांनी पहिले वाक्य मोठ्याने वाचले : "बाबा विचारत नाहीत." दुसरेही वाचले. तिसऱ्यापाशी ते थांबले, कारण सुरक्षिततेसाठी म्हणून बसवलेल्या ॲपने गणिताची बातमी जेवणाच्या टेबलावर आणली होती. मी मध्ये बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाला काहीतरी चांगले वाक्य सुचत असते आणि ते गिळून टाकणे हेच त्याचे कौशल्य असते. ते मला साधले ह्याचे मला आजही समाधान आहे. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "पण त्यांचा हेतू पैशाचा आहे. माझा तसा नाही."

"अगदी खरं आहे. तुमचा हेतू कोणता?"

"मला भीती वाटते. तो कुठल्या तरी संकटात सापडेल आणि मला कळणार नाही."

"आणि ॲप बसवल्यावर भीती कमी झाली?"

"नाही. आता मी रात्री दोनदा उठून अहवाल बघतो."

मी ज्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीने काम करते तिचा भर नेहमी येथे असतो. मूल सुरक्षित असावे ही इच्छा निरोगी आहे. मुलाचे सगळेच मला ठाऊक असले पाहिजे, नाहीतर अनर्थ होईल, हा हट्ट त्या इच्छेच्या पोटी जन्म घेतो, आणि कितीही माहिती मिळाली तरी तो शमत नाही, कारण त्याला शंभर टक्के खात्री हवी असते. त्या दिवशी मला हेही उमगले की मुलाला खासगीपणाची किंमत आपण भाषणातून शिकवत नसतो. न विचारता पाहणे हे प्रेमाचे लक्षण आहे असे जे मूल घरात शिकते, ते पुढे एखाद्या ॲपने सगळ्या परवानग्या मागितल्या की निमूटपणे देऊन टाकते.

ह्या ॲपची आणखी एक बाजू वडिलांनी तपासलेली नव्हती. मुलाचे संदेश त्यांच्या स्वतःच्या फोनवर येण्याआधी एका तिसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवर साठत होते. स्पायफोन नावाच्या अशाच पाळतीच्या ॲपच्या कंपनीला फेडरल ट्रेड कमिशनने 2021 मध्ये हा व्यवसाय करण्यासच मनाई केली होती. हे ऐकल्यावर त्यांनी फक्त मान हलवली.

नंतर बाप-लेक एकत्र बसले आणि वडिलांनी त्या कागदावरची तत्त्वे स्वतःलाच लागू केली. विचारल्याशिवाय पाहायचे नाही. काय पाहायचे ते कारणासह आधी सांगायचे. एका कारणासाठी कळलेली गोष्ट दुसऱ्या भांडणात काढायची नाही. मुलानेही आपल्या बाजूने मान्य केले की गेमच्या खात्यात खरे नाव, जन्मतारीख आणि शाळा दिसू द्यायची नाही, आवाजी गप्पा ओळखीच्यांपुरत्या ठेवायच्या, पैसे भरण्याआधी विचारायचे आणि रात्री फोन खोलीबाहेर ठेवायचा. "आत्ताच्या आत्ता बंद कर" ह्याऐवजी "हा सामना शेवटचा" असे म्हणायचे ठरले. एवढ्या लहानशा बदलाने रोजची भांडणे किती कमी होतात ह्यावर माझ्याकडे येणारे पालक आधी विश्वास ठेवत नाहीत.

एक अपवाद दोघांनी मिळून लिहिला. अनोळखी व्यक्तीने फोटो मागितले, एकटे भेटायला बोलावले, पैसे मागितले किंवा धमकावले, अथवा मुलाच्या बोलण्यातून जिवाला धोका जाणवला, तर वडील फोन पाहतील आणि पाहिल्याचे सांगतील. मुलांचा ह्याला विरोध नसतो, कारण तिथे त्यांनाही कोणीतरी मोठे माणूस हवे असते. लहान मुलांच्या बाबतीत तर फोनमध्ये आणि कन्सोलमध्ये असलेली पालकांसाठीची नियंत्रणे जरूर वापरावीत, मात्र ती मुलाला दाखवून, त्याच्या शेजारी बसून लावावीत आणि वय वाढेल तशी सैल करावीत.

गणिताचा प्रश्न पुढे शिकवणी लावून बराच सुटला. मुलगा अजूनही खेळतो आणि वेळेवरून खटके अजूनही उडतात, पण ते समोरासमोर उडतात.

ज्यांनी ॲप आधीच बसवले आहे ते मला विचारतात की आता काय करावे. मुलाला ते सापडण्याआधी स्वतः सांगावे, आणि सांगताना "तुझ्या भल्यासाठी" ह्या शब्दांनी सुरुवात करू नये. मला भीती वाटत होती म्हणून मी हे केले, असे सरळ म्हणावे. साठलेल्या नोंदी त्याच्यासमोर पुसाव्यात, ॲपचे खाते कायमचे बंद करण्याची विनंती कंपनीला त्याच्यासमोरच पाठवावी आणि मगच ॲप काढावे, कारण नुसते ॲप काढल्याने सर्व्हरवरची माहिती जात नाही. मूल चिडेल. त्याला चिडू द्यावे, आणि त्या दिवशी दुसरा कोणताही विषय काढू नये.