स्लॅबची भेग जिवाणू बुजवतील का?

प्रश्न : आमच्या गच्चीच्या स्लॅबला दोन बारीक भेगा आहेत. पावसाळ्यात एकीतून पाणी ठिबकतं आणि खालून तिच्या कडेला पांढरी रेघ धरली आहे. दुसरीच्या कडेला तांबूस डाग आहे. ठेकेदार म्हणतो, जिवाणूवाला माल मारला की भेगा आपोआप भरतील. खर्च करावा का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : ठेकेदार थापा मारत नाहीये, पण तुमच्या गच्चीला हे औषध लागू पडेल असं मला वाटत नाही.

आधी ती पांढरी रेघ. झिरपणारं पाणी सिमेंटमधला चुना विरघळवून आणतं, हवेतला कार्बन डायऑक्साइड मिळाला की त्याची चुनखडी होते. म्हणजे तुमचा स्लॅब स्वतःच भेग बुजवू पाहतोय! माझी नोकरी पाण्याच्या टाक्या बांधण्यात गेली. नवी टाकी पहिल्यांदा भरली की भिंतीला बाहेरून घाम फुटल्यासारखी ओल यायची. टाकी भरलेलीच ठेवायची. बारीक भेगांची ओल काही दिवसांत आपली आपण थांबे.

हीच करामत वाढवण्याचं काम नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या विद्यापीठात हेंक योंकर्स यांनी केलं. हाड मोडल्यावर शरीर ते सांधतं, तसं काँक्रीटला जमेल का, हा विचार त्यामागे होता. काँक्रीट कालवतानाच त्यात बॅसिलस जातीच्या जिवाणूंचे बीजाणू आणि खाद्य म्हणून कॅल्शियम लॅक्टेट घालतात. तडा जाऊन पाणी आत शिरलं की झोपलेले जिवाणू जागे होतात, खाद्य खातात आणि भेगेत चुनखडी साठते. त्यांच्या 2011 च्या प्रयोगात 0.46 मिमीपर्यंतच्या भेगा भरल्या, साध्या नमुन्यात 0.18 मिमीपर्यंतच्या. पण नमुने 100 दिवस पाण्यात बुडवलेले होते, हे कोणी सांगत नाही. तळघर, टाकी, बोगदा इथे हे शोभतं.

जुन्या बांधकामासाठी जिवाणूंचा फवारा आणि दुरुस्तीचा मालही निघालाय, ठेकेदार बहुधा तोच म्हणत असावा. पण गच्ची उन्हात तापते, रात्री आकसते, भेग रोज थोडी हलते. चुनखडी ठिसूळ, ती पुन्हा तडकणार. पहिल्या भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहा. भेग पुढे सरकली किंवा रुंदावली, तर वरून खाच पाडून लवचिक सीलंट भरून घ्या. पाण्याचा उतारही तपासा. निम्म्या गळत्या तिथेच असतात.

दुसरीला मात्र थांबू नका. तांबूस डाग म्हणजे सळई गंजतेय. गंज फुगतो आणि आतूनच काँक्रीट ढकलतो. तिथे जिवाणू काय करणार? खालून हातोडीने हलकेच ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर तो भाग फोडून, सळई घासून, गंजरोधक लावून नवा माल भरावा लागेल. ते काम ठेकेदाराच्या अंदाजावर सोडू नका, स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवूनच करा.