वाचकांचे प्रश्न : तीन वह्या, एक मत

प्रश्न : आजोबांच्या काळातल्या एका ओवीबद्ध पोथीच्या हाताने उतरवलेल्या चार वह्या घरात आहेत. बऱ्याच ठिकाणी तीन वह्यांत एक शब्द आणि चौथीत भलताच. छापून घ्यायची आहे. तिघींचं धरावं का? (सदाशिव पेठ)

उत्तर : इतक्यात नको. त्या तिन्ही वह्या एकाच वहीवरून उतरवलेल्या असतील तर ती तीन मतं नव्हेत, एकच. कोणती कशावरून उतरली ते आधी ठरवा.

वह्यांना क, ख, ग, घ अशी नावं द्या. एक्सेलमध्ये एका आडव्या ओळीत एक चरण, प्रत्येक वहीला एक रकाना. जसं लिहिलंय तसंच उतरवायचं. ऱ्हस्व-दीर्घ नीट करायला हात शिवशिवतो, पण तिथेच पुरावा पुसला जातो.

मग फरकांवर खुणा करा. योग्य शब्द जुळले यावरून काही कळत नाही, ते मुळातूनच सगळ्यांकडे आलेले असतात. नातं सांगते ती सामाईक चूक, तीही निवडक. घ-ध, थ-य, भ-म यांत कोणीही घोटाळतं. जवळच्या दोन ओळींचा शेवट सारखा असेल तर नजर एकीवरून दुसरीवर घसरते आणि मधला मजकूर गळतो. हेही दोघांकडून वेगवेगळं होऊ शकतं. असल्या चुका मोजू नका. ख आणि ग मध्ये एकच जास्तीची ओवी त्याच जागी घुसलेली असेल, तर मात्र दोघींची आई एक. आणि ‘घ’मध्ये ‘क’च्या सगळ्या चुका असून शिवाय स्वतःच्या चार जास्त असतील, तर ती बहुधा ‘क’चीच नक्कल. शब्द ठरवताना ती बाजूला ठेवा.

एवढं करून दोन घराणी उरली आणि दोघांचे शब्द वेगळे असले, तर सहसा अवघड शब्द जुना मानतात. उतरवणारा अनोळखी शब्दाच्या जागी ओळखीचा घालतो, उलटं क्वचित. अवघड म्हणजे निरर्थक मात्र नव्हे.

समासात वेगळ्या शाईने केलेली दुरुस्ती दिसली की सावध व्हा. कोणीतरी दुसरी प्रत शेजारी ठेवून ही वही ‘सुधारली’ आहे, म्हणजे वंशवृक्षाच्या फांद्या एकमेकींत गुंतल्या. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी (१९१९ ते १९६६) भांडारकर संस्थेत बाराशेहून अधिक हस्तलिखितं ताडली गेली, तिथेही या सरमिसळीने संपादकांचा घाम काढला. गणपती व्यासांचा लेखनिक झाल्याची सगळ्यांना पाठ असलेली गोष्ट त्या आवृत्तीत परिशिष्टात आहे, कारण ती सगळ्या प्रतींत नाही.

प्रश्न : मराठी आणि गुजरातीत नपुंसकलिंग आहे, हिंदीत नाही. मग मराठी गुजरातीलाच जवळची ना? (कोथरूड)

उत्तर : एवढ्यावरून नाही म्हणता येत. नपुंसकलिंग ही संस्कृतपासूनची शिल्लक. दोघींनी ठेवली, हिंदीने घालवली. पालीच्या पायाला पाच बोटं, माणसालाही पाच, घोड्याला एकच खूर. म्हणून माणूस पालीचा सख्खा होत नाही. पाच बोटं जुनी आहेत, घोड्याची झडली. माणूस आणि घोडा यांना जोडतात ते नंतर आलेले गुण, अंगावरचे केस आणि पिल्लाला दूध पाजणं.

भाषेतही मिळून झालेला नवा बदल शोधा. हस्त-हत्थ-हात, सप्त-सत्त-सात, कर्म-कम्म-काम (संस्कृत, प्राकृत, आजचा शब्द) : मधलं दुहेरी व्यंजन एकेरी झालं आणि आधीचा स्वर लांबला. मराठी, गुजराती, हिंदी तिघींनी हे केलं. पंजाबी अजून हत्थ, सत्त, कम्म म्हणते. यादी करताना ‘हस्ताक्षर’, ‘कर्म’ असले तत्सम शब्द वगळा. ते मागाहून संस्कृतातून उचललेले आहेत, आणि तसे ते कानडी-तेलुगूतही ढिगाने सापडतात. तूप कानडीकडून आलं, बटाटा पोर्तुगीजांकडून, अर्ज अरबी-फारसीतून. वरच्या उत्तरातल्या समासातल्या दुरुस्त्याच या.

प्रश्न : डासांना मशीनच्या औषधाची सवय झाली, असं सगळे म्हणतात. ही उत्क्रांतीच का? (हडपसर)

उत्तर : उत्क्रांती खरी, पण सवय नव्हे. एकेक डास सरावत नाही. काहींच्या जनुकांत आधीच असा फरक असतो की औषध त्यांच्या शरीरात लवकर मोडतं, किंवा जिथे चिकटायचं तिथे चिकटत नाही. बाकीचे मरतात, पुढची अंडी यांची. जनुकांची नक्कल होताना झालेली चूकच ती, वह्यांतल्यासारखी, फक्त इथे फायद्याची ठरलेली. ब्रँड बदलून फारसं साधत नाही. मागची बारीक अक्षरं वाचा. ट्रान्सफ्लूथ्रिन आणि अ‍ॅलेथ्रिन दोन्ही पायरेथ्रॉइड, एकाच कुळातली.

त्यापेक्षा कुंडीखालच्या ताटल्या आणि कूलरची टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करा, आणि कडा ब्रशने घासा. डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेजवळ काठाला चिकटलेली असतात. नुसतं पाणी ओतून दिलं तर ती कोरडी राहूनही काही महिने टिकतात आणि पुन्हा पाणी भरलं की फुटतात.