वायटूके, म्हणजे सन २००० लागताच कॉम्प्युटरच्या तारखा गडबडतील ही भीती, हा नुसता बाऊ होता का? कंपन्यांनी तेव्हा नक्की काय केलं?

बाऊ अजिबात नव्हता, मोठं काही झालं नाही कारण आधी काम झालं होतं. मी तेव्हा नाशकात एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत होतो, सातपूर-अंबडच्या कारखान्यांची पगार आणि स्टॉकची सॉफ्टवेअरं आमच्याकडे, सगळी क्लिपर नाहीतर फॉक्सप्रो या तेव्हाच्या डेटाबेस प्रोग्रॅमिंगच्या भाषांमधली. जुन्या काळी मेमरी महाग म्हणून वर्षाचे दोनच आकडे ठेवायची पद्धत पडलेली, त्यामुळे ९९ नंतर ००, आणि ०० वजा ९० केलं की माणसाची नोकरी उणे ९० वर्षं, मग काढा ग्रॅच्युइटी!

दोन उपाय होते. एक म्हणजे सगळीकडे चार आकडी वर्ष, ते पक्कं पण फाइली, रिपोर्ट, स्क्रीन सगळंच बदलायचं. दुसरा जुगाड, क्लिपरमध्ये सेट एपॉक १९५० लिहिलं की ५० ते ९९ म्हणजे १९०० वालं आणि ०० ते ४९ म्हणजे २००० वालं. आम्ही बहुतेक ठिकाणी हाच मारला, खोटं कशाला बोलू. पण ज्यांचा जन्म ४८-४९ चा ते कामगार एकदम २०४८ मध्ये जन्मले, मग जन्मतारखा हाताने दुरुस्त करत बसलो.

टेस्टिंग म्हणजे मशीनची तारीख ३१-१२-९९ करायची, रात्री ११:५८ वाजवायचे आणि बघत बसायचं. २९ फेब्रुवारी २००० पण तपासायची, शंभराने भाग जातो म्हणून लीप नाही असं बऱ्याच प्रोग्रॅममध्ये होतं, चारशेचा नियम विसरलेले.

खऱ्या ३१ डिसेंबरला ऑफिसातच होतो, बायको अजून ऐकवते.