भाऊ, हे पाच जाडजूड गडी करतात तरी काय?

प्रश्न : भाऊ, माझा भाचा कॅन्सस सिटीत नोकरीला आहे, त्याच्या नादानं मी पण सोमवारी पहाटे उठून ते हेल्मेटवालं अमेरिकन फुटबॉल बघायला लागले. तो फोनवर सारखा सांगत असतो की मावशी, मागे आमची ओ-लाईन अख्खी बदलली होती म्हणून टीम सुधारली. मला तर ती पाच जाडी माणसं नुसती ढकलाढकली करताना दिसतात, बॉल पण येत नाय त्यांच्या हातात. मग सुधारलं काय नेमकं?
— एक मावशी, प्रतापनगर

उत्तर : मावशी, ढकलाढकलीच आहे ती, पण लय डोकं लावून केलेली. ओ-लाईन म्हणजे हल्ला करणाऱ्या बाजूची पुढची रांग. मधोमध सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूला एकेक गार्ड, आणि टोकाला दोन टॅकल, असे पाच जण, एकेकाचं वजन 140 किलोच्या आसपास. सेंटर दोन पायांमधून बॉल मागे क्वार्टरबॅककडे, म्हणजे बॉल फेकणाऱ्याकडे देतो आणि मग या पाचांचं मोठं काम हे, त्याला बॉल फेकायला अडीच-तीन सेकंद मिळवून द्यायचे, बस. समोरचा गडी पोचला आणि बॉल हातात असतानाच त्याला पाडलं की झाला सॅक.

आता भाचा म्हणतो ती गोष्ट. फेब्रुवारी 2021 चा सुपर बोल, म्हणजे सीझनची फायनल, कॅन्सस सिटी चीफ्स विरुद्ध टॅम्पा बे. चीफ्सचे दोन्ही नेहमीचे टॅकल, एरिक फिशर आणि मिचेल श्वार्ट्झ, जखमी होऊन बाहेर, एक चांगला गार्ड शिकलेला डॉक्टर होता तो कोविडमध्ये सीझन सोडून रुग्णसेवेला गेलेला, त्यामुळे उरलेल्यांना इकडचा तिकडे करून कशीबशी लाईन उभी केली. मग काय व्हायचं ते झालं! चीफ्सचा क्वार्टरबॅक पॅट्रिक माहोम्स बिचारा बॉल फेकायच्या आधी जीव वाचवायला नुसता पळत होता, 29 वेळा समोरचे त्याच्या अंगावर गेले आणि मॅच गेली 31-9 नं.

त्या उन्हाळ्यात मालकानं हात सैल सोडला. फिशर-श्वार्ट्झला नारळ दिला, बाल्टिमोरच्या टीमकडून टॅकल ऑर्लँडो ब्राऊन आणला, जो थुनी नावाच्या गार्डला पाच वर्षांचे 8 कोटी डॉलर कबूल केले, आणि ड्राफ्टमधून, म्हणजे टीम पाळीपाळीनं कॉलेजातली पोरं निवडतात त्यातून, दोन पोरं उचलली, सेंटर क्रीड हम्फ्री 63 व्या नंबरवर आणि गार्ड ट्रे स्मिथ थेट 226 व्या. स्मिथला कॉलेजात फुफ्फुसात रक्ताच्या गाठी झाल्या होत्या म्हणून बाकीच्या टीम घाबरल्या, नाहीतर इतका खाली मिळाला नसता तो. पुढच्या सीझनच्या पहिल्या मॅचला पाचही जागी सुपर बोलपेक्षा वेगळी माणसं उभी होती.

आणि तरी सुरुवात कशी झाली म्हणता? सातपैकी चार मॅच हरले! (सगळा दोष लाईनचा नव्हता, डिफेन्स पण गळत होता.) शेवटाला मात्र 12 जिंकल्या, 5 हरल्या. मग फेब्रुवारी 2023 चा सुपर बोल, समोर फिलाडेल्फिया ईगल्स, ज्यांनी त्या सीझनला 70 सॅक केलेले, आणि माहोम्सचा घोटा दुखावलेला, लंगडत होता तो. सॅक किती झाले? शून्य. चीफ्स 38-35 नं जिंकले. मैदान घसरडं होतं, ईगल्सचे गडी पाय रोवायला गेले की सटकत होते, हे पण खरं, म्हणून सगळं श्रेय लाईनला देऊ नका, पण निम्म्याहून जास्त द्या.

आता माझ्या मते खरी मजा कुठं आहे ते सांगतो. अँड्र्यू वायली म्हणून एक खेळाडू आहे. 2021 च्या त्या बेजार रात्री उजव्या टॅकलला तोच होता, आणि 2023 च्या शून्य सॅकवाल्या रात्री पण उजव्या टॅकलला तोच! मधल्या काळात तो काही राक्षस झाला नाय हो. शेजारचा गार्ड बदलला, आणि त्या शेजाऱ्याची सवय झाली. डिफेन्सवाले मुद्दाम क्रॉस मारतात, बाहेरचा आत येतो, आतला बाहेर जातो, त्या वेळी गार्डनं "माझा तू घे, तुझा मी घेतो" हे न बोलता, अर्ध्या सेकंदात करायचं असतं. आपल्या कबड्डीत कॉर्नरनं घोटा धरला की कव्हरवाला त्याच क्षणी अंगावर येतो ना, साखळी बोलत नाय पण दोघांना माहीत असतं, तसंच हे. पैशानं माणूस मिळतो, ही सवय नाय मिळत, ती एकत्र खेळूनच येते, म्हणून नवी लाईन आधी धडपडते आणि मग दिसायला लागते.

प्रश्न : लाईन सुधारली की नाही हे आकड्यावरून कसं ओळखायचं? सॅक कमी झाले की सुधारली, इतकं सोपं आहे का?
— एक वाचक, मानेवाडा

उत्तर : नाय ना काका, तिथंच तर फसतो माणूस. माहोम्सला 2020 च्या सीझनला 22 सॅक झाले, आणि नवी महागडी लाईन आल्यावर 2021 ला 28! नुसता आकडा पाहिला तर वाटेल पैसे पाण्यात गेले. सॅक कधी क्वार्टरबॅक स्वतःच ओढवून घेतो, बॉल हातात धरून बसतो, फेकतच नाय, मग लाईन तरी किती वेळ थांबवणार. म्हणून सॅकपेक्षा तीन गोष्टी बघा. एक, बॉल घेऊन पळणारा सुरुवातीला हात न लागता किती पुढं जातो. दुसरं, फॉल्स स्टार्ट, म्हणजे बॉल सुटायच्या आधीच कोणी हलला की पाच यार्ड मागे, हे परक्या गोंगाटी मैदानावर किती वेळा होतं, कारण तिथं आवाज ऐकू येत नाय आणि लाईनची एकी तिथंच कळते. आणि तिसरं, क्वार्टरबॅक मागे पळतो का एक पाऊल पुढं टाकून फेकतो. पुढं टाकत असेल तर समजा आतले तिघं, सेंटर आणि दोन गार्ड, नीट उभे आहेत. रिप्लेमध्ये बॉल सोडून नुसता सेंटर बघा एकदा, हम्फ्री तर डावखुरा आहे, डाव्या हातानं बॉल देतो, ओळखायला सोपा.

आणि एक, सुधारलेली लाईन सुधारलेलीच राहते असं पण नाय. फेब्रुवारी 2025 च्या सुपर बोलला त्याच ईगल्सनी माहोम्सला सहा वेळा पाडलं, चीफ्स 40-22 नं हरले. त्या वेळी थुनीला, जो मुळात गार्ड, डाव्या टॅकलला नेऊन उभं केलं होतं, कारण तिथं दुसरं कोणी टिकतच नव्हतं. गार्डला टॅकल केलं की एक भोक बुजवायला दोन जागा हलतात!

प्रश्न : भाऊ, कामठीत पोरं अनवाणी पायानं खरा फुटबॉल खेळतात आणि तुम्ही काहून त्या अमेरिकेच्या हेल्मेटवाल्यांवर पानं भरता?
— एक जुना लेफ्ट-बॅक, कामठी

उत्तर : कारण प्रश्न त्याचे आले राजेहो, तुमचा आजच आला. कामठीच्या मैदानावरच्या जुन्या मॅचच्या आठवणी लिहून पाठवा, फोटो असले तर फोटो पण, आणि कोण कुठल्या पोझिशनला खेळायचा ते नक्की लिहा, नाहीतर छापून आल्यावर अख्खी कामठी मला फोन करते.