सिलिअॅक (ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार) आहे. नाशिकमध्ये चवीला बरी अशी ग्लुटेन-फ्री बिअर मिळेल का?
नाशिकच्या वाइन शॉपमध्ये ती सहज मिळेल असं धरून चालू नका, आणि मिळालीच तर ज्वारी, बाजरी-नाचणीसारखं भरडधान्य, तांदूळ किंवा कुट्टूपासून बनवलेलीच घ्या. नेहमीच्या लागरमध्ये तांदूळ असला तरी माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) बार्लीचंच असतं, आणि बार्लीतलं हॉर्डीन हे ग्लुटेन-प्रथिन सिलिअॅकवाल्यांना गव्हासारखंच बाधतं. स्ट्राँग, लाइट किंवा बिनअल्कोहोलची घेतली म्हणून फरक पडत नाही. चवीचं म्हणाल तर नुसत्या ज्वारीची बिअर जराशी आंबूस-गोडसर लागते. म्हणून हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) भरपूर असलेली आयपीए किंवा पेल एल या प्रकारची बिअर बघा, त्या कडवटपणात धान्याचा फरक बराच झाकला जातो. लेबलवर ‘ग्लुटेन-रिमूव्ह्ड’ किंवा ‘ग्लुटेन-रिड्यूस्ड’ असेल तर मात्र बाटली परत ठेवा. ती बार्लीचीच असते, फक्त एन्झाइमने ग्लुटेन तोडलेलं असतं. ग्लुटेनचा आकडा २० पीपीएमच्या (दहा लाख भागांत २० भाग, ग्लुटेन-फ्रीची नेहमीची मर्यादा) खाली दाखवला तरी आंबवलेल्या पेयातले ते तुकडे नेहमीच्या चाचणीत नीट मोजले जात नाहीत.

थंड आणि फसफसणारं काही हवं एवढंच असेल, तर माझ्या मते नाशिककराने बिअरचा हट्ट सोडावा:
- इथलीच स्पार्कलिंग वाइन, ब्रूट घेतली तर गोड लागत नाही
- मध आंबवून केलेली मीड, हीसुद्धा नाशकात बनते
- ड्राय सायडर, म्हणजे सफरचंदाचा रस आंबवून केलेलं, गोड नसलेलं पेय

मीड आणि सायडरचे घटक तेवढे वाचा, कारण काही प्रकारांत माल्ट घालतात.